स्ट्रासबुर्गच्या १६०५ च्या वर्णनाप्रमाणे नाताळचं झाड: काय टांगायचं, कसं टिकवायचं?

हिरवीफांदी

यंदा नाताळचं झाड जुन्या चालीनं सजवायचं ठरलं आहे. काचेचे गोळे, चमकी, विजेची माळ यांतलं काहीच नको. आधाराला स्ट्रासबुर्गचं १६०५ सालचं वर्णन घेतलं आहे. रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पिठाच्या पातळ चकत्या, सोनेरी पत्रा आणि साखर एवढ्याच वस्तूंची यादी त्यातून काढली आहे. झाड साधारण दोन मीटर उंच असेल.

पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो. कुणी म्हणतं झाडावर पहिल्यांदा मेणबत्त्या प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरनं लावल्या, कुणी ही चाल थेट रोमन काळातल्या सणांपर्यंत नेतं, कुणी जर्मन मुलखात धर्मप्रसार करणाऱ्या संत बोनिफासचं नाव घेतं. यातलं धरायचं काय आणि सोडायचं काय? १६०५ च्या झाडावर मेणबत्त्या चालतील का? देठाला दोरा बांधून टांगलेली सफरचंदं तासाभरात खाली येतात, त्याला उपाय काय? आणि २४ डिसेंबर ते ६ जानेवारी झाड हिरवं राहावं, सुया गळू नयेत, यासाठी कोणतं झाड घ्यावं आणि पाणी किती लागतं?

जुनीपाने

मेणबत्त्या नकोत. त्या वर्णनात त्यांचा उल्लेखच नाही. लिहिणारा प्रवासी अनाम आहे आणि मजकूर अगदी थोडका आहे, पण नेमका आहे: नाताळात स्ट्रासबुर्गला फरची, म्हणजे सुईसारख्या पानांची, झाडं घरातल्या खोलीत उभी करतात, त्यांवर बहुरंगी कागदाचे गुलाब, सफरचंदं, चकत्या, सोनेरी पत्रा, साखर वगैरे टांगतात आणि झाडाभोवती चौकोनी चौकट करतात. ही चौकट तुमच्या यादीतून निसटली आहे. बाकी काही कमी पडलं तरी चालेल, चौकट मात्र करा, कारण झाडाचा अर्थ तिच्यात आहे.

२४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस. जर्मन मुलखात नाताळच्या सुमारास त्यांच्या पतनाचं नाटक व्हायचं. त्यासाठी रंगमंचावर फळांनी लगडलेलं झाड हवं, आणि ऐन हिवाळ्यात पानं असलेलं झाड म्हणजे सूचिपर्णीच. म्हणून फरला सफरचंदं बांधायची. भोवतालचं कुंपण म्हणजे एदेन बाग. चकत्या म्हणजे मिस्सेतली, चर्चमधल्या उपासनेतली, बेखमीर भाकर. एकाच झाडावर पतनाचं फळही आणि तारणाची भाकरही. घरातलं झाड या नाटकातल्या झाडावरून आलं असं अनेक अभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं, कारण सफरचंद, चकती आणि कुंपण या तिन्हींचा उलगडा त्यात एकदम होतो. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत तो तसा होत नाही.

आता कागदपत्रांचं. स्ट्रासबुर्ग ज्या आल्सास प्रांतात आहे, तिथल्या सेलेस्ता गावाच्या १५२१ च्या हिशेबवहीत एक नोंद आहे: संत थॉमसच्या दिवशी, म्हणजे २१ डिसेंबरला, झाडांची राखण करण्यासाठी वनरक्षकांना ४ शिलिंग. राखणीला माणूस ठेवून पैसे मोजावे लागले याचा अर्थ लोक आधीपासूनच झाडं तोडून नेत होते. १५६१ मध्ये त्याच भागातल्या आमरश्विरच्या वननियमात आणखी ठोस मर्यादा येते: नाताळासाठी एका नागरिकाला एकच झाड, तेही आठ बुटांपेक्षा लांब नको. आठ बूट म्हणजे आजच्या मापानं सव्वादोन-अडीच मीटर. तुमचं दोन मीटरचं झाड नियमात बसतं. मला स्वतःला कुठल्याही दंतकथेपेक्षा या दोन नोंदी जास्त मोलाच्या वाटतात. खर्च आणि बंदी यांच्या नोंदी कुणी हौसेनं रचत नाही.

ल्यूथर १५४६ मध्ये वारला. त्याच्या लिखाणात किंवा त्याच्या समकालीनांच्या लिखाणात मेणबत्त्यांचं झाड कुठेच नाही. घरच्यांसोबत झाडाजवळ बसलेला ल्यूथर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, ते श्वेर्डगेबुर्टचं कोरीव चित्र १८४३ चं आहे, त्याच्या मृत्यूनंतर जवळपास तीनशे वर्षांनी काढलेलं. पुढे प्रॉटेस्टंट घरात झाड आणि कॅथलिक घरात गव्हाणी अशी वाटणी झाली, तेव्हा झाडाला प्रॉटेस्टंट पूर्वज मिळणं साहजिकच होतं. ही वाटणीही आता उरलेली नाही. व्हॅटिकनच्या संत पीटर चौकात १९८२ पासून दरवर्षी झाड उभं राहतं.

बोनिफासनं ७२३ च्या सुमारास गाइस्मार इथे डोनार या जुन्या जर्मन देवाचा ओक वृक्ष तोडला, असं त्याचा चरित्रकार विलिबाल्ड सांगतो आणि त्या लाकडाचं प्रार्थनाघर बांधल्याचंही सांगतो. तोडलेल्या ओकच्या जागी फरचं रोप उगवलं, हा भाग फार नंतर चिकटवलेला आहे. रोमन लोक हिवाळी सणांत हिरव्या डहाळ्या लावत हे खरं, पण त्या डहाळ्यांपासून आल्सासच्या झाडापर्यंत साखळी जोडणारा पुरावा मधल्या हजार वर्षांत नाही. बायबलातल्या यिर्मयाच्या दहाव्या अध्यायाचाही दाखला देतात, तोही गैरसमजातून. तिथे जंगलातलं झाड तोडून, कारागिराकडून घडवून, सोन्यारुप्यानं मढवण्याचं वर्णन आहे ते लाकडी मूर्तीचं.

वाचताना बाल्टिक किनाऱ्यावरच्या रीगा आणि टालिन शहरांचीही नावं येतील. तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघाचं झाड चौकात उभं राहायचं, त्याभोवती नाच व्हायचा आणि शेवटी ते जाळायचे. ती सार्वजनिक मौजेची चाल आहे, घरातल्या झाडाची नव्हे. दोन्हींची सरमिसळ करू नका.

सुईपान

झाडाचं सांगतो. स्ट्रासबुर्गला तेव्हा व्होझ पर्वतातला पांढरा फर यायचा. तो न मिळाल्यास नॉर्डमन फर घ्या. तो त्याचाच जवळचा भाऊबंद आहे, मूळचा कॉकेशसचा, आणि घरात सुया धरून ठेवण्यात फार चांगला. नॉर्वे स्प्रूस हे दुसरं सूचिपर्णी झाड स्वस्त असतं, वासही छान, पण गरम खोलीत आठवड्याभरात खाली गालिचा पसरतो. १४ दिवसांसाठी तो घेऊ नका.

विकणारा फर म्हणून स्प्रूस देतो का, हे बोटांनी कळतं. एक सुई चिमटीत धरून फिरवा. स्प्रूसची चौकोनी असते, सहज फिरते आणि टोचते. फरची चपटी, फिरत नाही, टोक बोथट. सुई ओढून काढली तर फरच्या फांदीवर गोल गुळगुळीत ठसा राहतो, स्प्रूसच्या फांदीवर खुंटीसारखा खडबडीत उंचवटा. ताजेपणा पाहायला फांदी मुठीत सैल धरून आतून बाहेर ओढा. आतल्या जुन्या तपकिरी सुया थोड्या हाताशी आल्या तर घाबरू नका, पण हिरव्या आल्या तर ते झाड सोडून द्या.

घरी आणलं की उभं करण्याआधी बुंध्याची २-३ सेंटिमीटर जाडीची चकती करवतीनं सरळ आडवी कापा. कापलेल्या तोंडावर राळ साचते आणि सहा-आठ तासांत पाण्याची वाट बुजते, म्हणून कापल्यावर लगेच पाण्यात. तिरपा काप घेऊन फायदा नाही, झाड फक्त डगमगतं. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बुंधा चहूबाजूंनी तासणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण पाणी वर नेतं ते सालीखालचं बाहेरचं लाकूडच. स्टँड मोठा आणा, बुंधा तासू नका. मध्ये भोक पाडण्यानंही काही साधत नाही.

पाण्याचा ठोकताळा: बुंध्याच्या दर अडीच सेंटिमीटर व्यासामागे एक लिटर. तुमच्या झाडाचा बुंधा १० सेंटिमीटरचा धरला तर चार लिटर मावेल असा स्टँड हवा. पहिल्या दिवशी ते एवढं सगळं पिऊ शकतं, म्हणून त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पाहा, नंतर रोज एकदा. पाण्याची पातळी एकदा जरी कापाच्या खाली गेली तरी तोंड पुन्हा राळेनं बंद होतं. मग झाड उतरवून नवा काप घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि सजवलेलं झाड कोण उतरवणार! पाणी साधं नळाचं. साखर, ॲस्पिरिन, मध यांतलं काहीही घालू नका. हीटर, शेकोटी आणि ऊन येणारी खिडकी यांपासून झाड लांब ठेवा.

सफरचंदं पडतात कारण देठ गाभ्यापाशी सुटतो. देठावर विसंबू नका. लहान, घट्ट, लाल फळं घ्या, ६०-८० ग्रॅमची. लांब सुईनं देठाच्या बाजूनं खालपर्यंत आरपार भोक पाडा, पातळ तार घाला, खालच्या टोकाला आगकाडीच्या तुकड्याला दोन वेढे द्या आणि वर आकडा वळवा. आडवी काडी फळ तोलून धरते. टोचलेलं फळ आठ-दहा दिवसांत भोकापाशी मऊ पडायला लागतं, म्हणून निम्मी फळं थंड जागी राखून ठेवा आणि वर्ष बदलताना बदला. दोन मीटरच्या झाडाला २०-२५ पुरतात. ती खोडाजवळ, फांदीच्या जाड भागावर टांगा. टोकाला टांगाल तर फांदी वाकते आणि फळ घरंगळतं.

चकत्यांना कोरड्या असताना भोक पाडलं की त्या हमखास तडकतात. दमट कापडाच्या घडीत मिनिटभर ठेवा, किंचित लवचिक झाल्या की सुईनं भोक पाडा, मग दोन जाळ्यांच्या मध्ये सपाट वाळवा. तशाच उघड्यावर वाळवल्या तर कडा वर वळतात. कागदी गुलाबासाठी पातळ कागदाच्या पाकळ्या कापा, आतल्या पाच ४ सेंटिमीटरच्या, बाहेरच्या सात ६ सेंटिमीटरच्या. प्रत्येकीची कड विणकामाच्या सुईवर गुंडाळून बाहेर वळवा, तारेभोवती एकेक बसवत दोऱ्यानं आवळा. गोंद लावू नका, ओलसरपणानं पातळ कागद सुरकुततो.

हिरवीफांदी

चौकट नक्की करणार. दोन शंका उरल्या. सोनेरी पत्रा म्हणजे सोन्याचा वर्ख का? आणि १६०५ च्या झाडावर नसल्या तरी मेणबत्त्या कधीतरी आल्याच असतील. त्या आणि काचेचे गोळे नेमके केव्हापासून? शेजारी दुसरं छोटं झाड १८७० च्या सुमाराच्या धर्तीवर करण्याचा विचार आहे.

वातमेण

सोन्याचा वर्ख नव्हे. ज्याला जर्मनमध्ये त्सिशगोल्ड म्हणत ते पितळेचं कागदासारखं पातळ पान, हलवलं की सळसळ करणारं. आज पितळेचा पातळ वर्ख मिळतो, तो फुंकरीनंही उडतो, म्हणून अक्रोडावर चढवणं सोयीचं. आधी अक्रोडाच्या रुंद टोकाशी, जिथे दोन्ही कवचांच्या मध्ये मऊ फट असते, तिथे अर्धी आगकाडी गोंद लावून रोवा आणि तिला दोरा बांधा. मग कवचाला अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात द्या, चिकट होईपर्यंत थांबा, वर्ख ठेवून कोरड्या मऊ ब्रशनं दाबा. ओल्यावर ठेवलात तर वर्ख विरघळल्यासारखा फाटतो. यादीत सुटे पत्रेही आहेत, तेव्हा उरलेल्या वर्खाच्या अरुंद पट्ट्या कागदावर चिकटवून टांगा.

मेणबत्त्यांचा भरवशाचा जुना उल्लेख जर्मनीतल्या फाल्ट्सच्या राजकन्येचा, लीसेलोटचा. १७०८ च्या पत्रात तिनं बालपणीचं, म्हणजे १६६० च्या आसपासचं, हानोव्हरचं दृश्य लिहिलं आहे: टेबलांवर बॉक्सवुडची झाडं आणि प्रत्येक फांदीला एक छोटी मेणबत्ती. ते राजघराणं होतं. मधमाश्यांचं मेण महाग, चरबीच्या मेणबत्त्या धुरकट आणि उन्हात ठेवल्यासारख्या वाकणाऱ्या, त्यामुळे साध्या घरात झाडभर दिवे परवडत नव्हते. चरबीपासून काढलेल्या कडक स्टिअरीनचं पेटंट १८२५ मध्ये झालं, १८५० नंतर खनिज मेण, म्हणजे पॅराफिन आलं, आणि मग मेणबत्त्या मध्यमवर्गाच्या झाडावर चढल्या. १८७० च्या झाडावर त्या हव्यातच.

पण लावायच्या तर नीट लावा. १०-१२ सेंटिमीटरच्या, बोटापेक्षा बारीक, मधमाश्यांच्या मेणाच्या किंवा स्टिअरीनच्या. लहान झाडाला १२ पुरे. धारक वजनाचे निवडा: खाली लोंबणारा शिशाचा किंवा मातीचा गोळा मेणबत्ती आपोआप उभी ठेवतो. चिमट्याचे धारक फांदी वाकली की कलतात आणि मेण एका बाजूनं ओघळतं. जागा फांदीच्या टोकाला, आणि ज्योतीच्या वर निदान ३०-४० सेंटिमीटर मोकळं हवं. वर फांदी, कागद, दोरा काहीही नको. पेटवताना वरून खाली, विझवताना खालून वर, नाहीतर पेटत्या ज्योतीवरून हात न्यावा लागतो. फुंकू नका, टोपीच्या विझवणीनं दाबा. पाण्यानं भरलेली बादली आणि लांब काठीला बांधलेला ओला स्पंज हाताशी असू द्या. जुन्या घरांत तो असायचाच. मेणबत्त्या पंधरा-वीस मिनिटं, खोलीत कुणीतरी झाडाकडेच पाहत बसलेलं असताना, आणि झाड उभं केल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांतच. सुया हाताला कोरड्या लागू लागल्या की मेणबत्त्या बंद. वाळलेला स्प्रूस किंवा फर काही सेकंदांत वरपर्यंत पेटतो, तेव्हा बादलीचा उपयोग नसतो. कागदी गुलाबांच्या झाडावर ज्योत कधीच नको, त्यामुळे तुमची दोन झाडं वेगळी ठेवण्याची कल्पना उत्तम आहे.

विजेचे दिवे १८८२ चे. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कला आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे लावले होते.

काचनळी

काचेचे गोळे जर्मनीतल्या थुरिंगियातल्या लाउशा गावाचे. तिथे काचेची भट्टी १५९७ पासूनची, पण झाडासाठीचे गोळे १८४० च्या दशकात सुरू झाले. पहिले जाड आणि जड होते. १८६७ मध्ये गावात गॅस आला आणि सगळं पालटलं. तेलाच्या दिव्याची ज्योत भात्यानं वाढवावी लागे, कमी-जास्त होई. गॅसची ज्योत एकसारखी आणि कडक, त्यामुळे काचेची नळी समान मऊ होते आणि कागदाइतक्या पातळ भिंतीचा गोळा फुंकता येतो. म्हणून १८७० ची धर्ती धरलीत तर पातळ गोळे चालतील, १८५० ची धरलीत तर नाही.

चकाकी आतून असते. गोळ्याची शेपटी, म्हणजे उरलेली अरुंद नळी, उघडी ठेवून आत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण सोडायचं आणि गोळा कोमट पाण्यात हलवत राहायचा. चांदी काचेच्या आतल्या बाजूला बसते. मग रंगात बुडवणं, वाळवणं, शेपटी कापून टोपी आणि आकडा. आतली चांदी जपायची तर टोपी काढून गोळा धुऊ नका. आत ओल गेली की काळे डाग पडतात, ते परत निघत नाहीत. बाहेरूनही ओलं फडकं नको, जुने रंग पाण्यानं सुटतात. मऊ कोरडा ब्रश बस. ठेवताना साध्या वर्तमानपत्रात गुंडाळू नका, आम्लरहित पातळ कागद घ्या. माळ्यावर उष्णतेनं रंग सुटतो, तळघरात दमटपणानं चांदी जाते, म्हणून कपाटाचा मधला कप्पा.

१८७० च्या झाडाला चमकीच्या लांब पट्ट्या घालायच्या असतील तर जुन्या बाजारातल्या शिशाच्या घेऊ नका. जड असल्यानं त्या सरळ लोंबतात आणि फार सुंदर दिसतात, पण शिसं हाताला लागतं आणि लहान मुलांना त्याचा धोका आहे. कथिलाच्या मिळाल्या तर त्या वापरा.

जुनीपाने

१८७० च्या झाडासाठी आणखी थोडं. त्या काळी ही चाल जर्मनीबाहेर चांगली पसरली होती. इंग्लंडमध्ये राणी शार्लटनं १८०० मध्येच विंडसरला सजवलेला यू वृक्ष उभा केला होता, पण लोकांच्या घरांत झाड गेलं ते डिसेंबर १८४८ मध्ये इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या साप्ताहिकानं राणी व्हिक्टोरिया, तिचा नवरा अल्बर्ट आणि मुलांचं झाडाभोवतीचं चित्र छापल्यावर. १८५० मध्ये अमेरिकेत गोडीज लेडीज बुक या मासिकानं तेच चित्र व्हिक्टोरियाचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून छापलं, म्हणजे कुणाचंही कुटुंब वाटावं. त्या चित्रातलं झाड टेबलावर आहे, जमिनीवर नाही. तुमचं छोटं झाड टेबलावर ठेवा, शोभेल.

आणि दोन्ही झाडं २४ च्या संध्याकाळच्या आत उभी करू नका. जर्मन घरांत झाड बंद दाराआड सजायचं, मुलं बाहेर थांबायची आणि घंटा वाजली की दार उघडायचं. महिनाभर आधी झाड लावण्याची चाल दुकानांनी आणली, आणि सुया गळण्याची निम्मी तक्रार तिच्यातूनच येते.

सुईपान

उतरवण्याबद्दल. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, काढलंत तर जर्मन रीतीशी जुळतं. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला, संत क्नूटच्या दिवशी, मुलं झाडावरचा खाऊ लुटतात आणि मग झाड बाहेर जातं. खाण्याच्या वस्तू टांगल्या आहेत तर ही लूट तुम्हीही करू शकता, फक्त वर्ख लावलेले अक्रोड फोडू नका, पितळ खायचं नसतं.

काढण्याच्या आदल्या दिवशी पाणी घालणं थांबवा आणि उरलेलं नळीनं ओढून घ्या. झाड जुन्या चादरीवर आडवं करा, गुंडाळा आणि बुंध्याकडून दाराबाहेर न्या, म्हणजे फांद्या मिटत जातात. शेंड्याकडून ओढलंत तर त्या दाराच्या चौकटीला अडकून उलट्या उघडतात आणि उरलेल्या सगळ्या सुया उंबऱ्यात पडतात. शेकोटीत फांद्या घालू नका. राळ भडकते, ठिणग्या उडतात आणि धुराड्यात काजळी धरते. फांद्या तोडून वाफ्यातल्या झाडांवर थंडीपासून आडोसा म्हणून पसरा आणि बुंधा वाळू द्या.